ट्रम्पवरून वाद घालायचा असेल तर आधी भाकरीचं बोला

बेळगावात बसून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षावरून कोण भांडतं, असं पुण्याचे पाहुणे विचारतात. आम्ही भांडतो. गणपतीत आरती झाल्यावर भांडतो, साखरपुड्याच्या पंगतीत भांडतो, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापाशी चहा पिताना भांडतो. आणि त्यात गैर काही नाही. इथल्या गल्लीगल्लीतलं कुणी ना कुणी पोर तिकडं नोकरीला आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचा माल परदेशी जातो. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं बऱ्याचशा भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम मिळणार की नाही हा प्रश्न अनगोळातल्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता. तेव्हा वाद टाळा असं मी म्हणणार नाही. घाला, पण नीट घाला.

मी हे कोणत्या अधिकारानं सांगतो? मी खिळे जुळारी. एका दैनिकात शिशाची अक्षरं हातानं जुळवायचो. अक्षर उलटं वाचायचं, स्टिकमध्ये ओळ बसवायची, गॅलीवर चढवायची, प्रूफ काढायचं. पुढं संगणक आला आणि आमच्या अख्ख्या पाळीचं काम एक मुलगी एका टेबलावर बसून करू लागली. आम्हाला घरी पाठवलं. नंतर एका फाउंड्रीत स्टोअरला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. वर्तमानपत्र आणि गेलेली नोकरी, दोन्ही मी आतून बघितलीत. शिवाय माझ्याच घरात या वादाच्या दोन्ही बाजू जेवायला बसतात. मेहुणा मोल्डर होता. ऑर्डरी आटल्या आणि त्याची फाउंड्री बंद पडली. भाचा मिशिगनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-वन-बी या तिकडच्या नोकरीच्या व्हिसावर.

मेहुणा म्हणतो, "दाजी, तो माणूस निदान बंद पडलेल्या कारखान्याचं नाव तरी घेतो. दुसरं कोण घेतंय सांगा की." भाचा फोनवरून म्हणतो, "मामा, हा माणूस मला उद्या घरी पाठवेल आणि पेपरवाल्यांना लिहूपण देणार नाही." दोघंही मनापासून बोलतात, आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलतात. इथंच सगळं बिघडतं. या एका वादात तीन वाद असतात: गेलेल्या नोकऱ्यांचा, पेपरवाल्यांच्या स्वातंत्र्याचा आणि त्या माणसाचा. खिळ्यांच्या केसमध्ये प्रत्येक अक्षराचा खाना वेगळा असतो. खाने मिसळले की कितीही हात चालवा, ओळ जुळत नाही. बहुतेक लोक माणसापासून सुरुवात करतात आणि तिथंच आवाज चढतो. मी सांगतो तो क्रम असा: आधी भाकरी, मग पेपर, माणूस अगदी शेवटी.

भाकरीचं बोलताना

समोरचा "नोकऱ्या गेल्या" म्हणाला की पहिल्यांदा "हो, गेल्या" म्हणा, कारण त्या खरंच गेल्यात. अमेरिकेत कारखान्यांतले कामगार १९७९ साली सुमारे १ कोटी ९५ लाख होते. २००० साली ते १ कोटी ७३ लाखांच्या आसपास होते, आणि २०१०च्या सुरुवातीला सुमारे १ कोटी १५ लाख. दहा वर्षांत पन्नास लाखांच्यावर माणसं कमी झाली. ज्याच्या घरचा पगार गेलाय त्याच्याशी तो गेलाच नाही असं म्हणत वाद सुरू करणं हा त्याचा अपमान आहे. "त्यांना कष्ट नकोत", "शिकायचं की मग संगणक" हेही म्हणू नका. मला ते म्हणणारे भेटले होते. त्यांच्याशी मी पुढं कुठल्याच विषयावर बोललो नाही.

"हो" म्हणून झालं की विचारा: कुठला कारखाना, कुठलं साल, काम कुठं गेलं? वादाचा खरा उपयोग या तीन प्रश्नांत आहे. मेहुण्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, मेक्सिकोबरोबरच्या करारानं सगळं गेलं. तो करार, नाफ्ता, लागू झाला १ जानेवारी १९९४ला. पण त्यानंतरची चार-पाच वर्षं अमेरिकेतल्या कारखान्यांतली माणसं घटली नाहीत, उलट थोडी वाढली. मोठी घसरण झाली ती २००० नंतर. चीन जागतिक व्यापार संघटनेत आला डिसेंबर २००१मध्ये, २००८ साली मंदी आली, आणि यंत्रं तर आधीपासून माणसं कमी करतच होती. म्हणजे कराराचा काहीच दोष नाही असं नव्हे. त्यानं काही गावं उठवली. पण सगळा दोष त्याच्या माथी मारला तर २००१ आणि २००८चा हिशेब कुठं मांडणार?

ओहायोतल्या यंग्सटाउनची गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण तिच्यात हा अख्खा वाद आहे. १९ सप्टेंबर १९७७ला तिथल्या पोलाद कंपनीनं आपला मोठा कारखाना बंद करतो म्हणून जाहीर केलं आणि सुमारे पाच हजार माणसं एका घोषणेनं रस्त्यावर आली. गावात त्या सोमवाराला अजून काळा सोमवार म्हणतात. तेव्हा ना नाफ्ता होता, ना चीनचा माल. जुन्या भट्ट्या होत्या, नवी गुंतवणूक केली नव्हती, बाहेरच्या पोलादाची स्पर्धा होती आणि मालक दुसऱ्या गावचे झाले होते. फाउंड्रीत काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मेहुणा ते ऐकून गप्प बसला आणि म्हणाला, "आमच्यात पण फर्नेस बदललीच नाही की हो."

त्याच गावाजवळ लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सचा कारखाना होता. २०१७च्या जुलैमध्ये ट्रम्प यंग्सटाउनच्या सभेत म्हणाले की नोकऱ्या परत येणार आहेत, घरं विकू नका. त्या कारखान्याची तिसरी पाळी त्या वर्षाच्या जानेवारीत बंद झालीच होती. २०१८च्या जूनमध्ये दुसरी गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलादावर २५ टक्के जकात लावली होती, तरीही. ६ मार्च २०१९ला शेवटची गाडी बाहेर आली. समोरचा ट्रम्पच्या बाजूचा असेल तर ही गोष्ट त्याच्यापुढं तारखांसकट ठेवा, टोमणा न मारता. माझा अनुभव असा की कामगार माणूस पाळ्यांच्या तारखा ऐकतो. भाषण ऐकत नाही.

आणि उलट बाजूलाही पुरावा द्या, नाहीतर तुमच्यावर विश्वास कोण ठेवील? इंडियानापोलिसच्या कॅरियर कंपनीनं २०१६च्या फेब्रुवारीत सुमारे १,४०० कामं मेक्सिकोतल्या मॉन्टेरीला नेतो म्हणून सांगितलं. निवडून आल्यावर ट्रम्पनी मध्ये पडून त्यातली सुमारे ८०० वाचवली. राज्यानं त्यासाठी कंपनीला ७० लाख डॉलरच्या सवलती दिल्या आणि पुढच्या वर्षी त्याच कारखान्यातून शेकडो माणसं कमीही झाली. पण ज्यांची वाचली त्यांची वाचली. त्या आठशे घरांत चूल पेटली हे मान्य केल्याशिवाय पुढं बोलू नका.

भाच्याशी बोलताना हीच पद्धत उलटी लावायची. तो म्हणतो, आम्ही कुणाची नोकरी घेत नाही. एच-वन-बीचे नवे व्हिसे वर्षाला ८५ हजारांपर्यंत मिळतात आणि एवढ्या मोठ्या देशात ते थोडेच आहेत, हे त्याचं खरं. पण २०१५ साली फ्लोरिडात डिस्नेच्या सुमारे २५० संगणक कर्मचाऱ्यांना कमी केलं आणि जाण्याआधी आपल्या जागी आलेल्यांना शिकवून जायला लावलं, हेही खरं. आपल्या जागेवर बसणाऱ्याला आपण शिकवायचं, मग जायचं. मला त्या माणसांचं दुःख कळतं. "तू वाईट नाहीस, पण त्या माणसाचा राग समजून घे," हे मामानं भाच्याला सांगायलाच हवं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये नव्या अर्जाला एक लाख डॉलर भरायचा हुकूम निघाला तेव्हा तो घाबरला होता. त्या रात्री मी वाद घातला नाही, नुसतं ऐकलं. घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये.

पेपरचं बोलताना

इथं "पेपरवाले खोटं लिहितात की नाही" या प्रश्नात शिरू नका. त्याला तळ नाही. पेपरात चुका होतात. मी स्वतःच्या हातानं जुळवलेल्या ओळींची प्रूफं बघितलीत. विचारायचं ते एवढंच: सत्तेवरच्या माणसानं पेपरवाल्याविरुद्ध नेमकं केलं काय? नुसतं बोलला, दार बंद केलं, कोर्टात खेचलं, की कायदा बदलायला निघाला? चारही गोष्टींचं वजन वेगळं आहे.

ट्रम्प १७ फेब्रुवारी २०१७ला मोठमोठ्या वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची नावं घेऊन त्यांना अमेरिकन जनतेचे शत्रू म्हणाले. हे बोलणं झालं. मला ते अत्यंत वाईट वाटतं, पण ते बोलणं आहे. त्याआधी जून २०१६मध्ये त्यांच्या प्रचारानं वॉशिंग्टन पोस्टच्या बातमीदारांचे पास काढून घेतले, सप्टेंबरात परत दिले. नोव्हेंबर २०१८मध्ये सीएनएनच्या जिम अकोस्टाचा व्हाइट हाउसचा पास काढला. प्रकरण कोर्टात गेलं आणि ट्रम्पनीच नेमलेल्या न्यायाधीशानं पास परत द्यायला लावला. त्या खटल्यात सीएनएनची प्रतिस्पर्धी फॉक्स न्यूजही सीएनएनच्या बाजूनं उभी राहिली. मेहुणा फॉक्सच्या क्लिपा बघतो, म्हणून त्याला मी हे मुद्दाम सांगितलं. २०२५च्या फेब्रुवारीत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला काही कार्यक्रमांतून बाहेर ठेवलं, कारण ट्रम्पनी मेक्सिकोच्या आखाताचं नाव अमेरिकेचं आखात केलं तरी ती संस्था मेक्सिकोचंच आखात लिहीत राहिली. ही दारं बंद करणं झालं, आणि व्हाइट हाउसचं दार तर सरकारचं असतं, कुणा एकाच्या मालकीचं नव्हे.

कायद्याचा भाग मात्र सावकाश सांगा. फेब्रुवारी २०१६मध्ये टेक्सासच्या सभेत ट्रम्प म्हणाले की मी बदनामीचे कायदे मोकळे करीन, म्हणजे पेपरांवर खटले घालून भरपूर पैसे काढता येतील. ऐकायला बरं वाटतं. खोटं छापलं तर पैसे भरा. मग १९६४चा सलिव्हन खटला सांगा. न्यूयॉर्क टाइम्समध्ये १९६० साली मार्टिन लूथर किंग यांच्या मदतीसाठी पानभर जाहिरात आली होती. तिच्यात बारीक चुका होत्या. किंगना चार वेळा अटक झाली होती, छापलं सात वेळा. विद्यार्थ्यांनी गायलं राष्ट्रगीत, छापलं दुसरंच गाणं. माँटगोमेरी शहराचा एक अधिकारी, सलिव्हन, ज्याचं जाहिरातीत नावसुद्धा नव्हतं, कोर्टात गेला आणि अलाबामातल्या ज्यूरीनं त्याला पाच लाख डॉलर द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो निकाल फिरवला: सार्वजनिक अधिकाऱ्याला बदनामीचा दावा जिंकायचा तर पेपरला ते खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा खऱ्याखोट्याची त्यानं फिकीरच केली नाही, हे सिद्ध करावं लागेल.

चारच्या जागी सात. अशी चूक रात्रपाळीला कुठल्याही छापखान्यात होते. तिच्यापायी पाच लाख डॉलर जाणार असतील तर मालक दुसऱ्या दिवसापासून पोलिसांची, पालिकेची, मंत्र्याची कुठलीच बातमी छापणार नाही, फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा छापेल. हे वकिलापेक्षा खिळे जुळाऱ्याला लवकर कळतं.

इथंही दुसरी बाजू लपवू नका. ओबामांच्या काळात सरकारी माहिती फोडणाऱ्यांवर हेरगिरीच्या कायद्याखाली आधीच्या सगळ्या अध्यक्षांच्या मिळून झाले त्यापेक्षा जास्त खटले झाले, आणि २०१३ साली असोसिएटेड प्रेसच्या फोनच्या नोंदी सरकारनं गुपचूप मिळवल्याचं उघड झालं. भाच्याला हे आवडलं नाही. त्याला न आवडणारं मी सांगतो म्हणूनच मेहुणा माझं ऐकतो.

आता लॉर्ड्सटाउनकडे परत जायचं, कारण दोन्ही धागे तिथं एकत्र येतात. कारखाना मार्च २०१९मध्ये बंद झाला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला यंग्सटाउनचं विंडिकेटर हे दीडशे वर्षांचं दैनिक बंद पडलं. कुणी बंदी घातली नव्हती, पैसे संपले. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत बातमी गोळा करणारी आणि संपादन करणारी माणसं २००८ साली सुमारे ७१ हजार होती, २०२०पर्यंत ३१ हजार उरली. त्याही गेलेल्या नोकऱ्याच. कारखाना का बंद पडला, सवलतींचे पैसे कुठं गेले, हे विचारणारा गावचा बातमीदार गेला की कामगाराकडे उरतात ती सभेतली भाषणं. मेहुण्याला पेपरवाल्यांबद्दल पटवायचं असेल तर स्वातंत्र्य हा शब्द न उच्चारता हे सांगा. त्याची फाउंड्री बंद पडली तेव्हा बातमी आली होती का? आली होती, आतल्या पानावर, दोन इंच. तीसुद्धा आली नसती तर पीएफच्या पैशासाठी कुणाच्या नावानं अर्ज करायचा हे तरी कुठून कळलं असतं?

एक सवय आपल्याकडे सीमाभागात आधीपासून आहे, ती इथं वापरा. सकाळी आपण मराठी पेपर वाचतो, आणि मोर्चा किंवा बंद झाला असेल तर चौकात जाऊन कन्नड पेपरही बघतो. गर्दी किती, दगड कुणी मारला, पोलीस कधी आले. दोन्हींत जुळतं तेवढं पक्कं धरतो आणि जुळत नाही ते कुणाला तरी विचारतो. अमेरिकेच्या बातमीला हेच करा. आणि वाक्य अर्धं कापून आलं असेल तर पुढचं वाक्य शोधा. पुढं ट्रम्पच्या विरोधात उभ्या राहिलेल्या हिलरी क्लिंटन मार्च २०१६मध्ये ओहायोत म्हणाल्या की आपण बऱ्याच कोळसा खाणकामगारांना कामावेगळं करणार आहोत. व्हॉट्सॅपवर तेवढंच फिरतं. त्याच बोलण्यात त्या म्हणाल्या होत्या की खाणींच्या भागात नवी कामं आणायची आहेत, आणि या माणसांना विसरून चालणार नाही. मला विचाराल तर पूर्ण वाचूनही ते वाक्य कामगाराच्या छातीत लागणारंच आहे. पण पूर्ण वाचून मग तसं म्हणा.

माणूस शेवटी

इथवर आलात तर माणसाबद्दल बोलायला फारसं उरत नाही, आणि जे उरतं ते शांतपणे बोलता येतं. निकालाचे आकडे मात्र पाठ हवेत. २०१६ साली ट्रम्पना देशभरात क्लिंटनपेक्षा सुमारे २८ लाख मतं कमी पडली, तरी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजार मतांच्या फरकानं ते अध्यक्ष झाले. २०२० साली हरले. २०२४ साली तिकडचा निकाल ठरवणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या मतांत ३१२ विरुद्ध २२६ असे जिंकले, आणि या वेळी एकूण मतांतही पुढं होते. त्याच वर्षी ३० मेला न्यूयॉर्कच्या ज्यूरीनं ३४ आरोपांत त्यांना दोषी ठरवलं होतं. यातली एकही गोष्ट दुसरीला खोटं पाडत नाही. माझं मत विचारलंत तर मी लपवत नाही: जनतेचा शत्रू हा शब्द पेपरवाल्यासाठी वापरणाऱ्याला मी मत दिलं नसतं. १९७५ साली, आणीबाणीत, मी नुकताच केसपुढं उभं राहायला शिकत होतो. २८ जूनला इंडियन एक्स्प्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ओळी असताना त्या काढून जागा कोरी ठेवायची म्हणजे काय, हे ज्यानं हातानं जागा भरलीय त्याला विचारा. मेहुणा म्हणतो, मी मत दिलं असतं. ठीक आहे.

हा वाद आपल्याकडे सरकतोच. "तिकडचं सोडा, आपल्या पंतप्रधानांचं काय", "१९५६ साली आमचं काय झालं", "सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालाच्या वेळी पेपर कुठं होते". २०१६ साली तर ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रम्प निवडून आल्याचं कळलं. बंद बँकेसमोर उभं राहून लोक दोन्हींवर एकदम भांडत होते. हे विषय मोठे आहेत, माझ्या जिवाजवळचे आहेत, म्हणूनच ते दुसऱ्याच्या भांडणात तोंडी लावायला वापरू नयेत. "हे उद्या बोलू, वेगळं बसून" असं स्पष्ट सांगा, आणि उद्या खरंच बसा.

राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक मंगळवारी, ७ नोव्हेंबर २०२८ला आहे. दोनदा निवडून आलेल्याला तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, अशी दुरुस्ती तिकडच्या घटनेत १९५१ सालीच झालीय, तेव्हा नावं नवी असतील. नोकऱ्या आणि पेपर हे विषय तेच राहतील. मतदानाच्या आधीच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात आणि मिशिगन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं पडतं. पेनसिल्व्हेनियात रात्री आठला मतदान संपतं तेव्हा आपल्याकडे बुधवारचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. त्या सकाळी टीव्हीवर कोण पुढं दिसतो यावरून कुणाला फोन लावू नका. २०२० साली मतदान ३ तारखेला झालं आणि निकाल स्पष्ट झाला शनिवारी, ७ तारखेला, कारण टपालाची मतं मोजायला वेळ लागला. तिकडच्या पोराशी बोलायचंच असेल तर आपल्या संध्याकाळी साडेपाचला बोला. त्याचे सकाळचे सात वाजलेले असतात आणि तो अजून गाडी काढून कामावर निघालेला नसतो.